संत्र्याच्या सालीचा वास

बंगळूर,
ता. ४ फेब्रुवारी २०१२

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कॉफीचा पुडा पाठवते आहे. पेल्यात दोन चमचे पूड, वर उकळतं पाणी, चार मिनिटं थांबायचं, मग चमच्याने घेऊन जोरात भुरका मारायचा. इथे आम्ही सगळे परीक्षकांसमोर असेच भुरके मारतो. लहानपणी ताकाचा भुरका मारला म्हणून आईने मला धपाटा घातला होता, तिला हे जरूर सांगा.

चव कळवायला फोन मात्र करू नका. फोनवर तुम्ही छान आहे म्हणून मोकळे होता, पत्रात नीट लिहिता.

सव्वीस तारखेला कॉफी चाखण्याची स्पर्धा आहे. तीन-तीन पेल्यांचे आठ संच. प्रत्येकात दोन पेले एकाच कॉफीचे, तिसरा वेगळा. आठही संचांतला तो वेगळा पेला मिळून आठ मिनिटांत ओळखायचा. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं इसेन्स हुंगून पास-नापास करणाऱ्याची मुलगी म्हणून इथे माझा उगाच दरारा आहे. खरं सांगते, सरावात दोनदा चुकले आणि जिभेवरचा भरवसाच गेला. ही कॉफी तुम्ही प्या, मीही पिते. दोघांचं जुळलं तर मला धीर येईल.

आईला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
रेवा

नवीन पनवेल,
ता. ९ फेब्रुवारी २०१२

चि. रेवा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुडा पोचला. पहिल्याच भुरक्याला संत्र्याची साल, मागून जाईची फुलं, शेवटी जिभेवर गूळ. वा! नाक म्हातारं झालं तरी रिटायर झालेलं नाही. भुरका ऐकून तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली, मला ठसका लागला असं वाटून.

तुझंही हेच आलं असणार. निर्धास्त जा. आमची माया आहेच, तब्येत सांभाळ.

तुझा,
बाबा

बंगळूर,
ता. १४ फेब्रुवारी २०१२

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तीनदा करून प्यायले. मला संत्रं लागत नाही, जाई नाही, गूळ नाही. भाजलेले शेंगदाणे, बस्स. तुमचं नाक चुकणार नाही, म्हणजे चुकते आहे ती मीच. वीस तारखेपर्यंत नाव मागे घेता येतं, तसं कळवणार आहे. चार लोकांत हसं होण्यापेक्षा ते बरं. रागावू नका.

तुमची,
रेवा

नवीन पनवेल,
ता. १७ फेब्रुवारी २०१२

चि. रेवा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे कुरियरने पाठवतो आहे. फोन दोनदा हातात घेतला, पण धीर झाला नाही.

मला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी उरण नाक्याजवळ ट्रेलरला वाट देताना स्कूटरवरून पडलो, डोक्याला टाके पडले, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, आता परत येणं कठीण. पुढे एकदा दारावर येणाऱ्या रंभा कोळणीने थट्टेने कालचे बोंबील पुढे केले आणि मी ताजे म्हणून घेतले. काका, तुमाला वास नाय का आला, असं तिने विचारलं. सर्दी झालीय म्हणून वेळ मारून नेली.

तुझ्या पुड्यावर छापलं होतं, संत्र्याची साल, जाई, गूळ. तेच मी पत्रात उतरवलं. मला ती कॉफी नुसती कडू लागली. सगळं आयुष्य नाकावर काढलं, ते गेलं हे मुलीला सांगायची लाज वाटली. पण माझ्या खोटेपणापायी तू मागे हटलीस तर मला स्वतःला तोंड दाखवता येणार नाही. नाव मागे घेऊ नकोस. आईला सांगू नकोस, ती उगाच गॅसची काळजी करत बसेल.

तुझा,
बाबा

बंगळूर,
ता. २८ फेब्रुवारी २०१२

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नाव मागे घेतलं नाही. आठपैकी सहा ओळखले, चौथी आले. बक्षीस पहिल्या तिघांना, म्हणजे हात हलवत परत.

तो पुडा गेल्या वर्षी बक्षीस मिळालेल्या कॉफीचा होता. चांगला पुडा टाकवेना, म्हणून त्यात ही साधी कॉफी भरली. हॉर्लिक्सच्या बाटलीत हळद भरणाऱ्या बाईची मुलगी मी, छापलेलं वाचतंय कोण! त्यात शेंगदाणेच होते, बाबा.

आईला रंभाने त्याच दिवशी सांगितलं होतं. दूध, आमटी, सगळं ती आधी स्वतः हुंगते, मग तुम्हाला वाढते. परवा फोनवर बोलली. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होती.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग पोटभर रडले. शेवटच्या संचात डावा की मधला, यात अडकले. आजवर अशा वेळी बाबा काय म्हणाले असते हे डोक्यात यायचं. या वेळी विचारायला कुणी नव्हतं. मधला उचलला. बरोबर निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला एकदम पोरकं वाटलं.

शनिवारी घरी येते आहे. मायेत अंतर पडू देऊ नका.

तुमची,
रेवा