दोघींमधला मान

२८ जुलै २०२५

बॅरन थॉर्नमियर मेला! खरं तर १९८७ सालीच; माझ्या टेबलावर आज आला. चिकलठाण्याच्या ऑफिसात बसून मी लंडनच्या एका कंपनीसाठी तिकडच्या सरदार घराण्यांच्या वंशावळी लिहिते. सहाशे वर्षांचा किताब, आणि याला मुलगा नाही. दोन मुली. तिथला कायदा असा — दोघींचा हक्क सारखाच, म्हणून किताब कुणालाच नाही! तो मधेच लोंबकळत राहतो. एकीचा वंश संपला, की दुसरीला.

काय डोकं आहे एकेकाचं.

२९ जुलै

नागपंचमी. माहेरी गेले नाही.

३ ऑगस्ट

हसत होते, पण आमचे वडील, अण्णा, गेल्यापासून आमच्या घरीही तेच चाललंय. कन्नडजवळच्या आमच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी आमची. पिढ्यान्‌पिढ्या. भाऊ नाही; थोरली आक्का आणि मी, दोघीच. यंदा गाव चक्क म्हणालं, पोरीनं कासरा धरला तरी चालेल — पण एकच नाव सांगा.

आक्कानं लग्न केलं नाही, अण्णांना आणि बैलांना तिनंच सांभाळलं. म्हणाली, "शेण मी काढायचं, अन् तू पोळ्याला नटून येणार व्हय?" मला झोंबलं. अण्णांनी जाताना माझं नाव घेतलं, असं ठोकून दिलं.

घेतलं नव्हतं. आक्का उठून गोठ्यात गेली. तेव्हापासून बोलणं बंद.

९ ऑगस्ट

थॉर्नमियरच्या बहिणी एकतीस वर्षं एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसत. थोरली गेली, मूलबाळ नव्हतं. धाकटी त्याच दिवशी बॅरोनेस — वय चौऱ्याऐंशी! एवढं टाइप केलं आणि चहाला गेले. चहा तसाच टाकून परत आले.

१३ ऑगस्ट

चुलतभाऊ सुदर्शनचा फोन. "आक्काला चार दिस झाले ताप हाय. लई हट्टी, दवाखान्यात यायला तयार नाय."

त्याला मेसेज लिहिला — आक्काचंच नाव सांग गावाला. अण्णांचं मी खोटं बोलले.

पाठवला नाही. दर वेळी मीच का नमायचं? रविवारी जाईन, तोंडावरच सांगेन तिला.

१८ ऑगस्ट

आक्का शनिवारी गेली. डेंग्यू. मसणवट्यातून आल्या आल्या सुदर्शन म्हणाला, "ताई, यंदा सुतक हाय. पुढच्या पोळ्यापासनं मान तुझाच. आता एकच नाव राहिलं."

मेसेज अजून फोनमध्ये तसाच आहे.