डी.एस.ओ., एम.सी. अँड बार

२ ऑगस्ट १९५३, रविवार

कॉलनी कमिटीची मीटिंग. किळस आली. सत्तेचाळीसपासून सलग सहा वर्षं मैदानावर झेंडा मी चढवतोय, कोटावर लढाईतली दोन पदकं लावून. आज सेक्रेटरी श्यामसुंदरने ठराव आणला की यंदाचा मान आमच्याच तीन नंबर बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या लेफ्टनंट कर्नल विद्याधर सुर्व्यांना. ब्रह्मदेशात पायदळाच्या पलटणीचे कमांडर होते म्हणे. सगळ्यांचे हात वर. माझाही, कारण एकट्याचा खाली राहिला असता तर दिसलं असतं.

माझं तोंड बंद करायला हँडबिलाचं आणि परिचयाच्या भाषणाचं काम मला दिलं.

निश्चय: शांत राहणे. पंधरा तारखेच्या आत झेंडा परत मिळवणे.

३ ऑगस्ट

जिन्यात सुर्वे दिसले. मिशी नाही. लंगडतात. दुधाच्या बाटल्या स्वतः घेऊन येत होते. मला आधी नमस्कार केला. कर्नल माणूस आपणहून नमस्कार करतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

४ ऑगस्ट, ऑफिसातून आल्यावर

श्यामसुंदरने हँडबिलासाठी इंग्रजी चिठ्ठी दिली. लेफ्टनंट कर्नल व्ही. बी. सुर्वे, डी.एस.ओ., एम.सी. अँड बार. अर्थ माहीत आहे ना, असं वर विचारलं. मी म्हटलं, पुरवठा कचेरीत मी काय गोट्या खेळतो काय?

घरी येऊन पोट धरून हसलो. डी.एस.ओ. तर रोज माझ्या डोक्यावर बसलेला असतो. डिस्ट्रिक्ट सप्लाय ऑफिसर. जिल्हा पुरवठा अधिकारी. म्हणजे हे महाशय लढाईत पोती मोजत होते. मी देवळालीच्या लष्करी डेपोत ब्लँकेटं मोजत होतो. मग फरक काय राहिला? एम.सी. म्हणजे मॅनेजिंग कमिटी. तीही कुठल्यातरी क्लबाची, कारण पुढे बार आहे. राज्यात दारूबंदी, आणि हा गृहस्थ नावापुढे बार लावतो. शिसारी आली.

नलिनीला चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, अहो, आधी कुणाला तरी नीट विचारा. बायकांना शॉर्टफॉर्म कळत नाहीत.

६ ऑगस्ट

दारूबंदी खात्याला निनावी पत्र टाकलं. खाली 'एक हितचिंतक'. याला म्हणतात देशसेवा.

८ ऑगस्ट

श्यामसुंदर बहिणीकडे अलिबागला गेलाय, तेव्हा प्रूफ मीच पास केलं. चारशे हँडबिलं, शुद्ध मराठीत. 'माजी जिल्हा पुरवठा अधिकारी व व्यवस्थापक मंडळाचे सभासद, ले. कर्नल सुर्वे.' बार गाळला. माझ्यात सभ्यता आहे. आता लोकच म्हणतील की असल्या माणसापेक्षा आमचे मार्तंडराव काय वाईट?

१० ऑगस्ट

हवालदार येऊन गेला. आधी सुर्व्यांकडे, मग माझ्याकडे. निनावी पत्रावर सवयीने कचेरीचा जावक क्रमांक पडला होता, कोपऱ्यात माझी आद्याक्षरंही. यात दोष हाताचा. वरती सुर्व्यांकडे काय सापडलं, तर टिंक्चर आयोडीनची बाटली. त्यांनी हवालदाराला चहा पाजला आणि त्याच्याबरोबर मला निरोप पाठवला की तुमचं अक्षर फार सुरेख आहे. असल्या गुळचटपणाचा मला वीट आहे.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी ६

सुर्व्यांच्या दारात बायकांची रांग. हातात रेशनकार्डं आणि पुड्यांत तांदळाचे नमुने. सगळ्या हँडबिल वाचून आलेल्या. हे मी योजलं नव्हतं, पण झकास झालं. रत्नप्रभाबाई सगळ्यात पुढे. ह्यो तांदूळ न्हय, खडे आसत, माझ्या घोवाचो दात पडलो, असं सांगत होती. वाटलं, म्हातारा दार लावून घेणार. त्यांनी खुर्ची बाहेर आणली, म्हाताऱ्या बायकांना आधी बसवलं, आणि एकेकीची तक्रार लिहून घेतली. आपण पुरवठा अधिकारी नाही, असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. म्हणजे आहेतच.

१३ ऑगस्ट, गुरुवार

वाट लागली.

अकराच्या सुमारास सुर्वे कचेरीत माझ्या खिडकीसमोर. रांगेत उभे राहून आले होते. त्रेचाळीस तक्रारी, अनुक्रमांक घालून. मी मान वर न करता म्हटलं, सोमवारी या. तेवढ्यात साहेब, म्हणजे आमचा खराखुरा डी.एस.ओ., केबिनबाहेर आला आणि त्यांना पाहून ताठ उभा राहिला. साहेबाचा धाकटा भाऊ त्यांच्या पलटणीत होता. सात वर्षांत हा मनुष्य कलेक्टरसाठीही इतका सरळ उभा राहिलेला मी पाहिला नाही. त्रेचाळीस अर्जांवर उभ्या-उभ्या सह्या. तांदूळ बदलून मिळणार.

ते गेल्यावर मला आत बोलावलं. टेबलावर हँडबिल. डी.एस.ओ. म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर. एम.सी. म्हणजे मिलिटरी क्रॉस. बार म्हणजे तोच क्रॉस दुसऱ्यांदा मिळाला. साहेब म्हणाला, मार्तंडराव, माझा डी.एस.ओ. बदली झाली की जातो, त्यांचा मरेपर्यंत राहतो.

दोन वेगळ्या गोष्टींना एकच अक्षरं देणाऱ्या इंग्रजांबद्दल मला फक्त घृणा वाटते.

१४ ऑगस्ट

श्यामसुंदर परतला. हँडबिल वाचून मटकन पायरीवर बसला. मी सांगितलं, छापखान्याची चूक. त्याने विचारलं, छापखान्याने इंग्रजीचं मराठी पण केलं का रे? अशा खोचक माणसाशी मी बोलत नाही.

निश्चय: उद्या भाषणात सगळं सावरून घेणे. नऊ पानं तयार. त्यातली फक्त चार देवळालीवर.

१५ ऑगस्ट, दुपारी

भाषणाला उभा राहिलो. छापखान्याची चूक, एवढं म्हणालो. समोर पहिल्या रांगेत सुर्वे, साध्या सदऱ्यात, एकही पदक न लावता. मी दोन्ही लावलेली. नऊ पानं खिशात तशीच. खाली बसलो.

मग ते उठले. म्हणाले, हँडबिलात चूक काहीच नाही. मी पुरवठा अधिकारीच होतो. पलटणीच्या कमांडरला वरून निरोप येतो की अमुक टेकडी हवी. मग तो आपल्याकडची माणसं पुरवतो. मी वेळेवर पुरवत असे, म्हणून मला पदकं दिली. पहिल्या क्रॉसला अकरा लागली. बारला एकोणतीस. डी.एस.ओ.चा आकडा सांगायला लागले आणि थांबले.

शेवटी म्हणाले, ही दोरी इतकी वर्षं ज्यांच्या हातात होती त्यांनीच ओढावी, मला त्यांच्या शेजारी उभं राहू द्या. श्यामसुंदरने दोरी माझ्या हातात दिली. यंदाचा मान मला मिळाला. सहाच्या जागी सात वर्षं झाली. झेंडा अगदी व्यवस्थित चढला, फुलंही पडली. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. शेजारी सुर्वे सॅल्यूट करून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, राष्ट्रगीत म्हणताहेत. राष्ट्रगीत संपलं तरी हलत राहिले. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. नावं घेत होते. बाळा, नंदू, माणिक, असं एकामागून एक. त्यांचा हात खाली येईपर्यंत मला दोरी सोडता येईना.

१६ ऑगस्ट, रविवार

कोट काढून ठेवला. पदकं सोडवली. हँडबिलाचं कुणी काही बोललं नाही, तेच जास्त झोंबतंय. इतके दिवस ज्याची किळस येत होती तो माणूस वरच्या मजल्यावर नव्हता, हे इथे लिहून ठेवतो, कुणाला दाखवणार नाही.

नलिनी पदकं डबीत ठेवत होती. तिने विचारलं, या पदकांसाठी तुम्ही काय पुरवलंत?

मी म्हणालो, ब्लँकेटं.

ती म्हणाली, बरं झालं हो.