भुंगेऱ्यासाठी नाव हवं आहे

तळेघर, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८३०

चि. गोदूच्या आईस सप्रेम आशीर्वाद.

मी खुशाल आहे. अक्षर वाकडं दिसलं तरी घाबरू नको. साहेबांना संस्कृत शिकवता शिकवता मीही त्यांच्यासाठी भुंगेरे पकडू लागलो, आणि एकाने दोन बोटांवर फोड आणले. तूप लावतो आहे. घरमालकीण साळुबाई हसते, "शास्त्रीबोवा, किडं येचायला इतक्या लांब आलात व्हय?"

पण गेल्या साली मला सापडलेला याच जातीचा भुंगेरा नवा ठरला! काळ्या पाठीवर केशरी पट्टा. विलायतेच्या संग्रहालयानं कळवलं, असा आमच्याकडे नाही. साहेब म्हणाले, "नाव तुम्ही सांगा."

माझ्या मनात तुझंच आलं. दिसायला देखणा, डिवचला की पोळणारा. रागावू नको.

अडचण एवढीच, वीस वर्षांत तुझं नाव मी तोंडानं घेतलेलं नाही, की हातानं लिहिलेलं नाही. परक्यासमोर कसं घेऊ? मान्य असेल तर तूच कागदावर लिहून पाठव. गोदूनं तुला अक्षरं शिकवली आहेतच. मी तो कागद मुकाट्यानं साहेबांपुढे ठेवीन.

आईचा खोकला कसा आहे?

लोभ आहेच, तो फोडांसकट असू द्यावा.

गोदूचे वडील