बेकारांच्या कचेरीतली नोकरी

मुंबई,
ता. ८ फेब्रुवारी १९५९

ती. बाबांचे सेवेशी, सदूचा शि. सा. नमस्कार. खोटारड्याचा नमस्कार घ्यायचा नसेल तर तो आईकडे द्यावा.

तुम्ही चार ओळींत तीनदा लबाड लिहायला लावलंत. मी पुन्हा सांगतो, मी नोकरीला आहे. दहाला जातो, साडेपाचला सुटतो. अंगावर खाकी डगला असतो. तो आधीच्या शिपायाचा, त्यामुळं बाह्या बोटांच्या खाली लोंबतात, पण डगला सरकारी आहे. आणि कचेरीच्या टपालानं तुमच्याकडं आलेल्या कार्डावर मला बेकार लिहिलंय तेही खरं आहे. तुम्हाला कसं समजावू, मलाच समजायला दोन महिने लागले.

आमची कचेरी बेकारांची नावं नोंदते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी कार्डं मोजायची आणि आकडा दिल्लीला कळवायचा. तिथं सगळ्या देशाची बेरीज होते. आता एवढे गठ्ठे उचलायला हंगामी शिपाई लागतो, आणि तो नोंदलेल्या बेकारांतूनच घ्यावा असा हुकूम आहे. तीन महिने झाले की पुन्हा नव्यानं घेतात. मधे माझं नाव बेकारांतून काढलं तर पुढच्या खेपेला मला घेता येणार नाही. हेडक्लार्क चांगदेवराव भला माणूस, ते म्हणाले की सदू, नोकरी टिकवायची असेल तर बेकारी सोडू नकोस. म्हणून महिनाअखेरीला नऊ हजार कार्डं मी टेबलावर नेतो, त्यातलं एक माझं असतं.

ते टपालाचं कार्ड गावी गेलं ही चूक माझी. नाव नोंदवलं तेव्हा मुंबईत पत्ता नव्हता. टपालही मीच पेटीत टाकतो, पण इंग्रजी कुठं वाचता येतं. पण बाबा, सिंहांचा शिक्का दिसला म्हणून बढतीचा कागद समजून तुम्ही तो थेट बोर्ली पंचतनला अंबाजीमामांच्या ओटीवर का नेलात? वर मास्तरांकडून मोठ्यानं वाचून घेतलात. आईचा चुलत भाऊ झाला म्हणून काय झालं, मुलीचा बाप तो. आता मामा मैनेला द्यायला नको म्हणतात.

गोदी सोडली, साबणाचा कारखाना सोडला, इराण्याचं हॉटेल सोडलं, कबूल. एका जागी माझा जीव रमत नाही. ही नोकरी मात्र मैनेसाठी धरून बसलोय. मामांना नीट सांगा.

राग आहेच, बाजूला थोडा लोभही ठेवावा.

आपला,
सदू

*

मु. पो. माणगाव,
ता. १७ फेब्रुवारी १९५९

ती. सदूदादास, कमळचा नमस्कार. बाबा सांगतात तसं लिहिते, मधे मधे माझं आहे.

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, पोरगा शहाणा झाला असेल नाहीतर कामातून गेला असेल. मग तेच पत्र घेऊन बोर्लीला गेले. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की सरकार सांगतंय तो बेकार, तो सांगतोय मी कामावर, मग मी सरकारचं खोटं धरू का? बाबा गुळाचा चहा पिऊन परत आले.

पण आपल्याकडंही सरकारचा माणूस येऊन गेला. कोणाला काम आहे, कोणाला नाही हे लिहीत होता. बाबा कंबर धरून दिवाळीपासून खाटेवर आहेत, बोर्लीला जायचं असलं तरच उठतात, त्यांच्यापुढं शेती लिहिलं. आई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन चालली होती. काम करता का विचारलं, तर म्हणाली, न्हाय हो, मी घरातच असते. तिच्यापुढं काही नाही लिहिलं. तिला काहीच वाटलं नाही, मला मात्र त्या माणसाला पाणी द्यावंसं वाटेना.

आता मुद्द्याचं. पेणच्या मिठागरवाल्यांकडून मैनेला मागणी आली आहे. त्यांचा स्वतःचा ट्रक आहे. मामा म्हणतात, सदू कामावर आहे असं सरकारी कागदावर दिसलं तर मुलगी त्याची, नाहीतर शिमग्यानंतर पेणवाल्यांना होकार. स्वतः बघायला पुढच्या शुक्रवारी, २७ तारखेला तुझ्या कचेरीत येणार आहेत. दाढी कर. मैनेनं माझ्यापाशी काही निरोप दिला नाही, पण ट्रकच्या धुरानं तिला मळमळतं असं दोनदा सांगितलं.

बाबांचा आशीर्वाद, आईचा जरा जास्त, माझा लोभ फुकट.

तुझी,
कमळ

*

मुंबई,
ता. ३ मार्च १९५९

ती. बाबांचे सेवेशी, शि. सा. न. वि. वि. अंबाजीमामा सुखरूप पोचले आणि बेकार झाले.

झालं असं. शुक्रवारी मी वरच्या मजल्यावर गठ्ठे बांधत होतो. मामांनी खाली रांग पाहिली आणि भाच्याला भेटायची हीच रांग समजून उभे राहिले, तीन तास. खिडकीवर बाबूनं नाव, गाव विचारलं. सध्या काही काम आहे का विचारलं. मामांचं भात किती पिकतं ते तुम्हाला ठाऊक, पण परक्यापुढं आपला कोण माणूस तोंडानं सांगेल? मामा म्हणाले, भात झोडून झालं, आता रिकामाच हाय. बाबूनं लिहून घेतलं. मामांनी भेटीची चिठ्ठी समजून ठसठशीत सही केली. कार्ड हातात घेऊन ते वर आले आणि मला म्हणाले, तुला भेटायला केवढा कारभार रे.

चांगदेवरावांनी वाचून दाखवलं तेव्हा ते बाकावर बसले. मग म्हणाले, फाडा. चांगदेवराव म्हणाले, मालकाचं पत्र आणा की हा कामावर लागला, मगच नाव निघेल. मामा म्हणाले, मालक मीच. चांगदेवराव म्हणाले, स्वतःचं स्वतःला पत्र चालत नाही. नाहीतर तीन महिने गप्प बसा, नाव आपोआप गळतं, फक्त दर महिन्याला घरी आठवणीचं कार्ड येईल.

हे ऐकून मामांचा चेहरा पडला. बोर्लीचा पोस्टमन कार्डं बाजारात मोठ्यानं वाचतो. मला बाजूला घेऊन म्हणाले, टपाल तूच टाकतोस ना, माझी तीन खिशात घाल. मी म्हणालो, मामा, सरकारी टपाल आहे, सापडलो तर उरलीसुरली नोकरी जाईल. ते रागावून पुन्हा बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, मैना गेली.

मग मीच चांगदेवरावांना विचारलं, पत्ता बदलता येतो का. ते म्हणाले, येतो, पण कार्ड जवळच्या नातलगाच्या नावेच जाईल. फॉर्मवर छापलेलंच होतं, मुलगा, भाऊ किंवा जावई. भाचा त्यात नाही. मामांना मुलगा नाही, भाऊ बोर्लीतच. त्यांनी दोन चहा संपवले. मग टाक मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, सदू, कचेरीतला शिपाई, जावई. चांगदेवरावांनी त्यावर शिक्का मारला.

मामा म्हणाले, "आता सरकारनंच लिवलंय, मी कोण न्हाय म्हननार."

शनिवारी आकडा गेला. त्यात आम्ही सासराजावई दोघंही आहोत. पेणवाल्यांना मामा स्वतः कळवतील. साखरपुडा महिनाअखेरीला धरू नका, त्या दिवशी मोजणी असते.

आहे तेवढा लोभ असाच चालू राहो.

आपला,
सदू

ता. क. मामांना परतीचं भाडं मीच दिलं, ते नको म्हणाले नाहीत. उरलेले साखरपुड्यासाठी आजच मनिऑर्डर केलेत, रुपये सतरा, नये पैसे पन्नास.