नोटिशीचा महिना

४ सप्टेंबर

माझ्या नवऱ्याचा, ओगन्यानचा, चाळिसावा दिवस. सकाळी सासूबाईंबरोबर कबरीवर जाऊन आले. मदतकेंद्रात दुपारपाळीला जाताना उकडलेले गहू नेले — साखर, अक्रोड घालून, कागदी पेल्यांत. ज्याच्या हातात पेला येईल त्याने घासभर खायचं आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. आभार मानायचे नाहीत. ते गहू मेलेल्याचे.

एकालाही घास मिळाला नाही! घाटात बस उलटली होती, मदतीचे सगळे फोन एकदम वाजत होते. शेजारच्या विलियानाने चमचा तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला — ‘बोला, कुठून बोलताय?’ माझंही तेच. मग पेतकोव साहेबांनी पेले उचलले. "कळतं गं मला. पण यंत्रावर साखर सांडली तर?"

पाळी संपल्यावर शोधले. सफाईच्या खोलीत होते, पोछ्याच्या बादलीशेजारी. सगळे भरलेले.

तिथेच ठरवलं.

५ सप्टेंबर

राजीनामा दिला. दुसरी नोकरी नाही.

६ सप्टेंबर

सासूबाईंना सांगितलं. घर त्यांचं, त्यांना सांगायलाच हवं.

"वेड लागलंय का तुला? आधी दुसरी बघायची, मग सोडायची! पोरगा गेला, आता पगारही घालव!"

"आई, मला फोन उचलवत नाही."

"मग कुणी उचलायचा?"

ओगन्यान गेला त्या दिवशी त्यांनीच फोन केला होता. विलियानाने घेतला. ती पत्ता मोठ्याने म्हणत होती — आमची गल्ली, आमचा मजला — आणि मी शेजारच्या खुर्चीत दुसऱ्याच कुणाला तरी ‘शांत राहा’ म्हणत होते.

१२ सप्टेंबर

साहेब म्हणाले, "महिना भरेपर्यंत कधीही मागे घे. दिवसपाळी देतो. रविवार मोकळा." चांगला माणूस आहे, हेच वाईट.

घरी पोचायच्या आत सासूबाईंना कळलं होतं. आमच्या व्रात्सा शहरात काही लपत नाही! "दिवसपाळी देतोय ना? मग घे की!"

नको म्हटलं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

१९ सप्टेंबर

अजून बोलत नाहीत. सूप वाढतात, पाव ठेवतात, निघून जातात. आज जिन्यात शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सूनबाई आता घरी बसून खिडकीतून डोंगर बघणार!" मी वर येतेय हे दिसत होतं त्यांना.

दोन ठिकाणी नोकरीचं विचारलं. कळवतो म्हणाले.

२६ सप्टेंबर

एका बाईचा फोन. नवरा श्वास घेत नाही. मी सांगत गेले — जमिनीवर झोपवा, छातीच्या मधोमध दाबा, थांबू नका, मी मोजते. गाडी पोचेपर्यंत मोजत राहिले. वाचला माणूस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

विलियाना म्हणाली, "बघ! आणि म्हणे सोडून चालली!"

स्वच्छतागृहात जाऊन बसले. तो वाचला याचा आनंद झाला का? झाला. पण आधी दुसरंच मनात आलं — हाच का, ओगन्यान का नाही? असं मनात येणाऱ्या बाईने त्या खुर्चीत बसू नये.

३ ऑक्टोबर

तरी आज गेलेच साहेबांच्या दारात. ओगन्यानशिवाय, पगाराशिवाय, न बोलणाऱ्या सासूबरोबर हिवाळा काढायचा — भीती वाटली. मागे घेते म्हणणार होते.

साहेबांनी मान वर केली. "ये, ये! ठाऊकच होतं मला."

म्हटलं, रजेचं विचारायला आले होते. परतले.

५ ऑक्टोबर

शेवटची पाळी. कानावरचं यंत्र काढून ठेवलं. विलियाना रडली. मी नाही.

घरी दिवा बंद. जेवण झाकून ठेवलेलं.

७ ऑक्टोबर

सकाळी स्वयंपाकघरात माझा फोन वाजला. मी अंथरुणातच. सासूबाईंनी उचलला. पेतकोव साहेब — कुणीतरी आलं नव्हतं, आजच्यापुरतं ये म्हणत असावेत.

"नाही यायची. तिला दुसरी नोकरी लागलीय."

मी उठून बसले.

"कुठे म्हणजे? माझ्याकडे! एक पुरलाय मी, साहेब. हिला नाही पुरणार."

फोन आपटल्याचा आवाज. मग दारात आल्या, माझ्याकडे न बघता —

"ऊठ. हिवाळ्यासाठी मिरच्या भाजायच्यात."