माझा रुसवा कायम समजावा

नागपूर, मंगळवार

श्री. बाबाराव यांस मधुकररावांचा नमस्कार.

(एरवी मी तुम्हाला अरे-तुरे करतो. सख्ख्या साळ्याला दुसरं काय करायचं? पण सध्या रागावलेलो असल्याने या पत्रात अहो-जाहो चालेल.) तुमचा गुडघा कसा आहे? धंतोलीच्या डॉक्टरांनी गड चढू नका म्हणून बजावलं होतं, तरी तुम्ही चढतच असाल. रामटेकच्या सर्व मंडळींना यथायोग्य. इकडे तुमची बहीण मजेत आहे. मी नाही.

मिनलने, म्हणजे आमच्या सुनेने, माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक नवा एआयवाला ब्राउझर टाकून दिला. हा म्हणे नुसती पानं उघडत नाही, आपल्या वतीने कामंही उरकतो. "बाबा, रोजची किरकोळ कामं आता यालेच सांगत जा," म्हणाली. पहिल्या दिवशी मी त्याला पेपर वाचायला सांगितला. त्याने सगळ्या पेपराचा चार ओळींत सारांश दिला, आणि तोही इतका शांत, की मला चिडायला काही उरलंच नाही. (मी निवृत्त माणूस. सकाळचं चिडणं गेलं तर दुपारपर्यंत करायचं काय?) मग वरच्या मजल्यावरच्या महादेवरावांना कडक पत्र पाठवायला सांगितलं, कारण त्यांच्या कूलरचं पाणी आमच्या पापडांवर गळतं. 'कडक' हा शब्द मी दोनदा टाइप केला होता. याने काय लिहिलं देव जाणे, महादेवराव सांबारवडीची ताटली घेऊन खाली आले आणि "तुमच्यासारखा शेजारी भेटत नाही जी" म्हणत तासभर बसले. कूलर अजून गळतो आहे, आणि आता भांडायची सोय राहिलेली नाही.

इथवर मी सहन केलं. पण तुमच्या लेकीच्या, गुंजनच्या लग्नाची पत्रिका तुम्ही ई-मेलने पाठवलीत! बाबाराव, मी तुमच्या घरचा जावई आहे. केस पांढरे झाले म्हणून जावईपण संपत नाही. (आणि गुंजन कोण? कॉलेजची सगळी वर्षं आत्याकडे, म्हणजे आमच्याकडे राहिलेली, आत्याचा नवरा म्हणून मला मामाजी म्हणणारी पोरगी.) जावयाला अक्षत द्यायला घरी यायचं असतं. तेव्हा मी रीतसर रुसायचं ठरवलं. तुमच्या लग्नात मी रुसून शेजारच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा तुमचे वडील स्वतः मनवायला आले होते, हे विसरला नसाल. आताही तुम्ही याल, मी नाही म्हणेन, तुम्ही हात जोडाल, अशी सगळी तयारी मनात झाली होती.

त्याच दिवशी मी ब्राउझरला म्हटलं, तुंबलेल्या मेलचा निकाल लाव. तो मध्ये मध्ये "पाठवू का?" विचारत होता, मी हो हो करत गेलो. (चष्मा देवघरात राहिला होता.) संध्याकाळी पाहतो तर तुम्हाला उत्तर गेलेलं: "निमंत्रण मिळाले, अतिशय आनंद झाला. आम्ही सहकुटुंब येत आहोत. घरी येऊन बोलावण्याची तसदी घेऊ नये. काही मदत लागल्यास निःसंकोच सांगावे." निःसंकोच! जावयाला पंगतीत पाणी वाढायला लावणार होता की काय हा? आणि तुम्ही लगेच हिला फोन करून म्हणालात, "भाऊजी लयच समजदार झाले वं बाई, आमची एक चक्कर वाचली." बाबाराव, इतक्या वर्षांत मी कधी समजदार वागलो? तुम्हाला जरासुद्धा संशय आला नाही?

हिच्याकडे तक्रार केली तर ही म्हणते, "चांगलंच झालं नं! आता काहून तोंड फुगवून बसले? मी तं बॅग भरून राहिली." घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

तरी कळवण्यात येते की ते उत्तर माझं नव्हे. माझा रुसवा कायम समजावा आणि पुढील कार्यवाही करावी. हे पत्र मुद्दाम हाताने लिहून पोस्टाने पाठवतो आहे. त्या ब्राउझरच्या हाती दिलं तर तुम्हाला पोचेपर्यंत याचं अभिनंदनपर पत्र झालेलं असेल.

आपला, तूर्त रुसलेला,
मधुकरराव

ता. क. मनवायला रविवारी यावं. चारच्या आधी नको, मी झोपतो. मी दोनदा नाही म्हणेन, ते मनावर घेऊ नये. उठून तर मुळीच जाऊ नये.

आणखी ता. क. बाबाराव, गुडघा दुखत असेल तर तू नाही आलास तरी चालेल. गुंजनला पाठव. लग्नानंतर ती बंगलोरला जाणार, मग आमच्या दाराची बेल ती कधी वाजवेल? तिच्या खोलीतला पंखा मी कालच पुसून ठेवला. तिने दारातून नुसतं "चला नं मामाजी" म्हटलं तरी पुरे. त्या पोरीला नाही म्हणणं मला एकदाही जमलेलं नाही.