आयचा अंगठा

भुसावळ, सोमवार. चैत्र, १९५३

मी मिळवता झालो म्हणून दुष्काळात निराधार म्हणून आयला मिळणारा सरकारी जोंधळा बंद करायचा, हा कसला न्याय? माझ्या पैशात तिचा अर्धा महिनाबी निघत न्हाय.

गावचा हुसेनभाई आज हितं आला, त्यानं सांगितलं. मी धाडलेल्या मनीऑर्डरीवर आयनं अंगठा उठवला, साक्षीला कोतवाल, तो तलाठ्याकडं बोलला. तलाठी म्हणाला, "म्हातारे, आता तुझा ल्योकच सरकार. त्याच्याकडं माग."

पुन्हा मनीऑर्डर केली तर पुन्हा अंगठा, पुन्हा कोतवाल. न्हाय केली तर आय खाईल काय?

हुसेनभाई उद्या गावाकडं, अंथुर्ण्याला परततोय. त्याच्या हाती पैसे गुपचूप देतो; मनीऑर्डर दिसली न्हाय तर जोंधळा पुन्हा चालू होईल. कुणी बघितलं तर आयलाच लबाड ठरवतील, जोंधळा कायमचा जाईल. तरी देतोय. चार रुपये.